मोठ्या बटनाची वॉकीटॉकी

"हिचं बटन बघा बाबा, केवढं आहे! हातमोजे घातले तरी दाबता येतं," गचांजा म्हणाला.

नैरोबीतल्या दुकानात तो आणि त्याचे होणारे सासरे न्दिरांगूबाबा केव्हापासून वॉकीटॉक्या उलट्यापालट्या करत होते. रविवारी न्यांदारुआच्या डोंगरात जायचं होतं आणि पुढच्या शनिवारी लग्नाची बोलणी. मुलीच्या बापाला बकऱ्या किती द्यायच्या, ते तिथे ठरणार. त्याआधी बाबांना बघायचं होतं, की हा पोरगा आपल्या लेकीला, न्याविराला रानातून धड परत आणतो का.

"खोक्यावर लिहिलंय, पन्नास किलोमीटर जातो आवाज."

"खोक्यावर डोंगर कुठाय?" बाबा म्हणाले. "ही काळी घे. बटन आत आहे, उगाच दाबलं जात नाही."

"ही तर आजोबांची वाटते!"

बाबांनी काळी परत फळीवर ठेवली. गचांजाने जीभ चावली, पण घेतल्या मोठ्या बटनाच्या पिवळ्याच. तीन.

रविवारी एक वैथाका काकांकडे दिली. काका खाली रानाच्या गेटपाशी गाडीत थांबले. बोलणीत नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं, त्याच्या वतीने हे काका बोलणार होते. मुलीकडचे तीस बकऱ्या मागतील, आपण वीसवर आणायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. दुसरी बाबांकडे, ते सगळ्यात मागून चालणार. तिसरी गचांजाने पाठपिशवीच्या पट्ट्याखाली छातीशी खोचली आणि पडू नये म्हणून पट्टा करकचून ओढला.

बांबूचं रान लागलं आणि धुकं उतरलं. गचांजाने मागे वळून बघितलं. बाबा नव्हते.

"बाबा, कुठे आहात? बाबा!"

वॉकीटॉकीतून साधी खरखरसुद्धा नाही.

न्याविरा एकदम थांबली. पायवाटेवर रानरेड्याचं शेण पडलं होतं. ताजं. वाफा येत होत्या.

"तूच म्हणालास ना, चल पुढे, म्हातारा येईल हळूहळू!"

"मी म्हातारा नाही म्हणालो!"

"म्हणालास. दोनदा."

बांबूत काहीतरी कडाडलं. दोघं जागच्या जागी थिजले.

"परत बोल त्यांच्याशी!" ती कुजबुजली.

"बोलतोय गं! हूं नाही की चूं नाही!" गचांजाचा आवाज फाटला. "देवा, बाबा सापडू देत फक्त! तीस काय, पन्नास बकऱ्या देईन! काका वीसवर आणायला बसलेत, त्यांना मीच गप्प करीन. वर माझी गाय देईन!"

"गाय? दुभती?"

"तीच!"

बांबू हलले. अगदी जवळ. गचांजाने न्याविराला मागे ओढलं, काठी उगारली. जागचा हलला नाही.

धुक्यातून न्दिरांगूबाबा बाहेर आले. एका हातात पिवळी वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात उकडलेलं रताळं.

"काठी खाली कर, पोरा. रेडा रताळं सोलून खात नाही."

"बाबा! इतक्या हाका मारल्या, उत्तर का नाही दिलंत?"

"मी कधीचा ओरडतोय. तुझं बटन त्या पट्ट्याखाली दाबलेलंच आहे, नुसतं तुझंच बोलणं इकडे येतंय, तुला काय ऐकू येणार? मोठं आहे ना!"

गचांजाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... तुम्ही सगळं...?"

"म्हातारा दोनदा नाही, तीनदा म्हणालास." बाबांनी रताळ्याचा घास घेतला. "पण पळाला नाहीस. मुलगी दिली."

गचांजाला रडू यायचंच बाकी होतं. मग आठवलं. "बाबा, ते बकऱ्यांचं... घाबरून बोललो हो. मुलाने बोललेलं बोलणीत धरत नाहीत ना?"

"नाही धरत."

"हुश्श!"

"म्हणून तर तुला काही विचारत नाही. ज्याने बोलायचं, त्यानेही ऐकलं असेलच की."

गचांजाने पट्टा सैल केला. वॉकीटॉकी खरखरली आणि मध्ये अख्खा डोंगर असूनही गेटवरून काकांचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला.

"मेल्या, गायसुद्धा?"