लाखोळीच्या वड्याचा नमुना

तक्रारदार : सौ. शकुंतला राऊत, राहणार बेसा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते : श्री. गुणवंत मेश्राम, राहणार तेथेच, एकटे. घटना : गेल्या रविवारी दुपारी, राऊतबाईंच्या नातवाच्या बारशाचे जेवण. साक्षीदार : संपूर्ण पंगत, तसेच अर्ज लिहिणारा मी स्वतः.

मेश्रामांची ओळख अशी, की पहिला घास ते तोंडात घालीत नाहीत, बाटलीत घालतात. खिशातून बोटभर बाटली निघते, तीवर यजमानाचे नाव पडते, मगच जेवण. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ते मास स्पेक्ट्रोमीटर चालवतात. हे यंत्र रेणूंचे वजन करून अन्नातले विष ओळखते, असे त्यांनी मला समजावले. मी सातवी पास असूनही मला ते तत्काळ समजले. हिरवट बटाटा, कडू दुधी, बुरशीचा शेंगदाणा, सगळ्यांवर त्यांचा डोळा. "निसर्गानं बनवलं म्हणजे चांगलंच, हे कोनं सांगतलं तुले?" हे त्यांचे ठरलेले वाक्य. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांसमोर दुधीची भाजी हुंगली होती. मी क्षमा केली.

बारशाला लाखोळीच्या डाळीचे वडे वाढले गेले, आणि मेश्राम उभे राहून ओरडले, "थांबा! लाखोळी हाय थे! जहर असते तिच्यात!"

राऊतबाई कडाडल्या, "तीस वर्सं वडे करून राहिली मी, कोन मेलं गा? नातवाच्या बारशात जहर म्हनते!"

मेश्रामांनी वडा बाटलीत घातला आणि ते उपाशी निघून गेले.

यापुढे कॉलनीतल्या कोणत्याही पंगतीला त्यांना बोलावू नये, असा अर्ज बाईंनी माझ्याकडून लिहवून घेतला. सह्या झाल्या. प्रत द्यायला मेश्रामांच्या घरी मी जातीने गेलो. असे कागद टपालाने शोभत नाहीत.

तिथे फळीवर बाटल्यांची रांग होती. सगळ्यात जुन्या बाटलीवर नुसते 'माय' लिहिलेले.

"तिच्या डब्यातली लाखोळी हाय," ते म्हणाले. "एक साल घरात दुसरं काहीच नोतं. रोज थेच खाल्ली. पाय गेले तिचे. मी तिले पाठीवर घेऊन फिरायचो. मशीन हाती आली तवा पहिले हीच डाळ लावली. कागदावर जहराची ही उंच रेघ निघाली. पन माय तवा कुठं होती गा?"

"बाकीच्या तपासून झाल्या, तर फेकत काहून नाही?" मी विचारले.

"जेवाले बोलावलं होतं ना त्यायनं."

मग त्यांनी राऊतबाईंच्या वड्याचा कागद दाखवला. "रेघ लहान हाय. बाईनं डाळ भिजवून पानी फेकलं असन. कधीमधी खा म्हना, रोज नको. अन् माफी सांगजा."

त्यांनी अर्ज वाचला, पोच म्हणून सही केली. "बरोबर हाय. नाही बोलावलं तरी चालते. पन कोनी लाखोळी केली, तर नमुना तेवढा पाठवजा."

सबब, सदर अर्ज माझ्याच हातचा असल्याने तो रद्द समजण्यात यावा. येत्या रविवारी माझ्या घरी जेवण आहे. राऊतबाईंनी वडे घेऊन यावे, आणि मेश्रामांच्या पानात एक बाटलीसाठी व एक पोटासाठी, असे दोन वाढावेत. बाईंनी उत्तर कृपया लेखीच द्यावे, ही विनंती.