अंबादासमामांची शांता

आमच्या भवानी पेठेतल्या अंबादासमामांनी गेल्या रविवारी बाभळीत अडकलेल्या काळ्या कॅरीबॅगला शिकारी पक्षी ठरवलं. ‘दमलीया बिचारी,’ म्हणाले. वाऱ्याने पिशवी फडफडली, तसं मला कोपर मारून म्हणाले, ‘बघा, पंख झाडतीया!’

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे दुर्बीण आहे, पक्ष्यांचं पुस्तक आहे, संयम मात्र बेताचाच. तरी शेजारधर्म म्हणून दर रविवारी सकाळी मामांना स्कूटरवर मागे बसवून गावाबाहेरच्या माळावर नेतो. तेवढा वेळ माझी बायको मामींपाशी बसते.

तीन हिवाळ्यांपूर्वी मामी हिंडत्याफिरत्या होत्या. तेव्हा याच माळावर त्यांनी विटकरी पोटाचा भोवत्या पाहिला. गवताच्या अगदी जवळून तरंगत जाणारा हा शिकारी पक्षी थंडीपुरता आपल्याकडे येतो. मामींनी त्याचं नाव ठेवलं शांता. पुढे मामींचे पाय गेले. आता त्या पलंगावरून एवढंच विचारतात, ‘शांता आली का?’ नाही म्हणायची मामांची छाती होत नाही. म्हणून शांता सापडावीच लागते.

पुढच्या हिवाळ्यात जो भोवत्या दिसला तो तपकिरी निघाला. मी म्हटलं, ‘मामा, रंग वेगळा आहे.’

मामांचा उभा जन्म सूत रंगवण्यात गेलेला. ‘रंगाचं काय सांगताय सर! रंग उडतोच की. उडायची ढब बघा.’

इथे ते बरोबर होते, हे कबूल करतो. पिल्लू विटकरी असतं, मोठी झालेली मादी तपकिरी. रंगावर फार विसंबू नये, ढब बघावी, असं पुस्तकही सांगतं. मी तोंडभरून कौतुक केलं आणि तिथेच फसलो.

गेल्या हिवाळ्यात राखाडी भोवत्या आला.

‘मामा, हा नर आहे!’

‘केस पिकले की तिचे.’

यंदा एकही भोवत्या फिरकला नाही. मग एक घार शांता झाली.

‘लई जाड झालीया,’ मामा म्हणाले.

‘आणि शेपटीला खाच कशी?’

‘कुटंतरी अडकून फाटली असंल. तुमी लई खोलात जाताय.’

आणि आता ही पिशवी! माझं डोकंच फिरलं. ‘मामा, बस झालं. आज मामींना खरं काय ते सांगायचं.’

मामा वळून वळून बाभळीकडे बघत स्कूटरवर बसले. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यायला मी तयार नव्हतो.

घरी पोचलो. मामींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘सर, आज तुमी सांगा. आली का शांता?’

मामा एक चप्पल काढून तसेच दारात उभे.

‘आली, मामी,’ मी म्हणालो. ‘बाभळीवर बसली होती.’

मामा लगबगीने चहा टाकायला आत गेले. मामींनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, ‘ते पाखरू कवाच गेलं असंल, सर. मला कळतंय की. पण मी इचारलं न्हाई, तर हे घराबाहेर पडत न्हाईत. दिवसभर हितं माझं तोंड बघत बसतेत.’

आत कपबश्या वाजल्या.

‘पुढच्या रविवारीबी न्या त्यांना,’ मामी म्हणाल्या. ‘आन् मफलर घालायला लावा.’