आर्णीचं बंदर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. शाळा चौथीतच सुटली. चुका पोटात घाला. पण शेजारच्या वामनभाऊजींबद्दल कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

हा माणूस घरी आलेल्याला पाणी विचारत नाही, नियम सांगतो.

भाऊजी रिटायर झालेले बस कंडक्टर. त्यांच्या लेकीनं, मोनानं, पुण्याहून एक खेळ पाठवला. भला मोठा पट, त्यावर समुद्र, जहाजं, बंदरं, कागदी नोटा आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. भाऊजींनी पुस्तक पाठ केलं. बंदरांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा वर चिकटपट्टी लावून आर्णी, घाटंजी, ढाणकी लिहिलं. खेळातल्या मालात लोकर होती, तिला कापूस म्हणायचं ठरलं. आमच्या जिल्ह्यात समुद्र आला तो असा.

शिकवण्याची रीत कंडक्टरचीच. हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा. त्याची टकटक झाली की तुमची चाल संपली. मध्येच काही विचारलं की म्हणणार, "स्टॉप आल्यावर सांगतो. आधी समजून घे, मंग हार."

गॅसवाला हल्ली सिलिंडर दारात ठेवून पळतो, पैसे दुसऱ्या दिवशी नेतो. भाऊजींचा साळा तर तिसऱ्या नियमाला संडासाला म्हणून उठला आणि मागच्या दारानं घाटंजीच्या गाडीत जाऊन बसला.

मी बसून राहिले, कारण उठायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागतं. ते मला जमत नाही.

नियम संपले, डाव सुरू झाला. माझ्या वाट्याला कापूस आला. भाव वाढेल म्हणून मी तो विकेचना, आपण घरात खोली भरून ठेवतो तसा. पण या खेळात दर चालीला गोदामाचं भाडं द्यावं लागतं. भाडं भरता भरता माझी शेवटची नोट गेली. नियमाप्रमाणे डाव खलास.

मी पदर सावरून उठले. टकटक काही झाली नाही.

"बसा न वहिनी. ह्या घ्या माह्याकडच्या पाच नोटा. उसन्या."

"उसनं चालते काय भाऊजी? पुस्तकात तं नाई."

"पुस्तक मले पाठ हाय, तुमाले नाई."

मग चिमट्याशी चाळा करत ते पटाकडे बघून बोलले. "दिवाळीत मोना येऊन राह्यली. फोनवर इचारते, जेवले काय? मी म्हणतो, जेवलो. संपलं. तिची माय होती तं तीच तिच्याशी बोले. हा खेळ असला तं पोरगी दोन घंटे समोर बसन. पण एक डाव तरी पुरा खेळल्याबिगर तिच्यासमोर कसा बसू?"

मी बसले आणि आधी कापूस विकला. रोज दुपारी तोच डाव पुढं चाले, मग मोडू नये म्हणून पटावर टोपलं पालथं पडे.

दिवाळीला मोना आली तेव्हा आम्ही खेळतच होतो. बॅग खांद्यावरच ठेवून ती पटावर वाकली.

"पप्पा, आर्णीत समुद्र कवा आला?"

"बस. आधी समजून घे, मंग हार."

ती हसली आणि बॅग खाली ठेवली. मी खुर्ची सोडली, भाऊजींच्या हातातला चिमटा घेऊन टकटक केली, आणि त्यांच्या पाचही नोटा पटावर ठेवून घरी आले.