विसाव्याचा फ्यूज

पालखीच्या आदल्या संध्याकाळी हिरामण मोकलाच्या घरातली वीज गेली. नुसती गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण त्या वेळी हिरामण ओटीवर उभा राहून अर्ध्या गावाला सांगत होता, "बगा, घासलेट नको, वात नको, धूर नाय. बटन दाबला का उजेड." 'उजेड' हा शब्द त्याच्या तोंडातून पुरता बाहेर पडतो न पडतो तोच घरात तडतड असा आवाज झाला आणि ओटी काळोखात बुडाली. काळोखात कुणीतरी हसलं. तो धर्माच होता याबद्दल हिरामणला तिळमात्र शंका नव्हती.

धर्मा हा हिरामणचा थोरला चुलतभाऊ. दोघांच्या घरांमधली भिंत एक, मिठागराचा बांध एक, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मतही एकच. गावदेवीची पालखी चैत्रात गावभर फिरून शेवटी विसाव्याला बसे ती धर्माच्या ओटीवर, कारण गावातली एकुलती एक गॅसबत्ती त्याच्याकडे होती. विसाव्याला देवी कोंडाजी भगताच्या अंगात येई आणि वर्षाचा कौल देई. ज्याच्या ओटीवर ती बोलली त्या घराला मग वर्षभर गावात मान. पंगतीत पहिलं पान त्याचं आणि भांडणात शेवटचा शब्दही त्याचाच. हा शेवटचा शब्द गेली कित्येक वर्षं धर्माकडे होता आणि हिरामणला तो गिळवत नव्हता.

म्हणून रेवसच्या रस्त्याने विजेचे खांब आले तसा हिरामणने सगळ्यांच्या आधी घरात मीटर बसवून घेतला आणि तडक पंचांकडे गेला. "देवी ती," तो म्हणाला, "तिना घासलेटाचे वासान बसवाचा कशाला?" पंचांनाही ते नवल बघायचंच होतं. त्यांनी यंदाचा विसावा हिरामणला दिला, पण बाबाजी पंचाने अट घातली. तिन्हीसांजेला लाईट लागलेली असली तर पालखी हिरामणकडे, नाहीतर धर्माची ओटी आहेच शेजारी.

तर त्या संध्याकाळी हिरामणने कंदील घेतला आणि माजघरातल्या भिंतीवरच्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं. आतल्या चिनी मातीच्या फ्यूजमधली तार वितळली होती. वायरमनने जाताना थोडी तार देऊन ती कशी घालायची ते दाखवलं होतं. हिरामणने नवी तार घातली, लाईट आली, लोक 'आली, आली' म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. सकाळी उठून त्याने बटन दाबलं तर पुन्हा काळोख.

त्याने तार बदलली. फ्यूज आत ढकलला आणि फट्. पुन्हा बदलली, पुन्हा फट्. हिरामण आता तापला. त्याने आधी पेटीला शिव्या दिल्या, मग वीजवाल्यांना, मग खांब आणणाऱ्यांना, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून जरा मोठ्या आवाजात इतर काही जणांना. भिंतीपलीकडून धर्माच्या गॅसबत्तीला पंप मारल्याचा आवाज येत होता. सकाळी आठ वाजता गॅसबत्तीला पंप मारण्याचं काही कारण नव्हतं.

"आयकतंस?" हिरामण बायकोला म्हणाला. "तयारी चाललीय त्याची."

सगुणा चुलीपाशी मडक्यात हात घालून उभी होती. हिरामण अंगणात तार शोधायला गेला तेव्हा ती माजघरात गेली आणि तो परत येईपर्यंत पुन्हा चुलीपाशी आली.

वायरमनने दिलेली तार संपली होती. तेव्हा हिरामणने डोकं चालवलं. बारीक तार जळते ना, मग जाड घालावी. मिठागरावर पोती बांधायची चांगली दणकट तार होती, ती त्याने फ्यूजमध्ये पिळून बसवली आणि फ्यूज ढकलला. या खेपेला फ्यूज गेला नाही. अंगणासमोरच्या खांबावर मात्र बंदूक उडाल्यासारखा बार झाला आणि पाठोपाठ गावातली पिठाची गिरणी घरघरत बंद पडली, कारण गिरणीची वीज त्याच खांबावरून होती.

देवीच्या दिवशी घरोघर पाहुणे. गिरणीवर तांदळाच्या टोपल्यांची रांग लागली होती. ती रांग तशीच्या तशी उठली आणि टोपल्या डोक्यावर घेऊन हिरामणच्या अंगणात आली. पुढे सोनूबाई होती. ही गिरणीपेक्षा मोठ्या आवाजाची बाई.

"कारं हिरामना," ती म्हणाली, "तुजे लाईटीपायी आमी भाकऱ्या नाय करवाच्या?"

"मी काय मुद्दाम केला?"

"जात्यावं दलला तवा कदी बंद नाय परला," दुसरी एक जण म्हणाली.

"मंग जा जात्यावं," हिरामण म्हणाला आणि ते बोलायला नको होतं. बायकांनी टोपल्या त्याच्या अंगणात उतरवल्या, त्यांच्याभोवती फतकल मारली आणि गिरणी सुरू होईपर्यंत हलणार नाही असं सांगितलं. धर्माच्या बायकोने त्यांना पाणी नेऊन दिलं. हिरामणचा त्यामुळे अधिकच संताप झाला.

एसटीतून अलिबागला निरोप गेला. दुपार कलताना वायरमन बाळाजी सायकलवरून आला. त्याने खांबावर चढून गिरणी चालू केली, पण बायका काही उठल्या नाहीत. इतका वेळ बसल्यावर आता शेवट बघूनच जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बाळाजी आत आला, मेन स्विच बंद केला आणि ती जाड तार बघून कपाळाला हात लावला.

"हे कुणी केलं?"

"तुमचीच तार कच्ची," हिरामण म्हणाला. "सरकार पैसे घेतेय नि दोऱ्यावानी तार देतेय."

बाळाजीने पेटीत बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "पेटीत पाणी आलंय," तो म्हणाला. "पाण्यानं शॉर्ट होतंय. शंभर फ्यूज घाला, टिकणार नाहीत. छप्पर गळतंय का?"

चैत्रात छप्पर गळायला पाऊस कुठला? हिरामण छपराकडे बघून झाल्यावर पेटीमागच्या भिंतीकडे बघायला लागला. भिंतीपलीकडे धर्माची मोरी होती. हिरामणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात त्या दिवशी पडलेला तो पहिलाच.

"धर्मादादा," तो अंगणात येऊन ओरडला, "भाईर ये. तुजे मोरीचा पानी माजे लाईटीन सोडतंस?"

धर्मा बाहेर आला. त्याने नवं धोतर नेसलं होतं. "मोरी आपले आज्यानं बांदलीय," तो म्हणाला. "आज्याला म्हाईत व्हता का तुजी लाईट येनार?"

"विसावा गेला म्हनून तू जलतंस. भित्तीतून पानी सोडतंस."

"हिरामना, तोंड सांभाल. देवीचा दिवस हाय म्हनून गप ऱ्हायलोय."

"पालखी जाईपर्यंत तुजे घरान कोनी आंघोल कराची नाय."

"देवीचे पुढं पारोसा जाऊ?" धर्माचाही आवाज आता चढला. "माजे मोरीला गोडे बावीचा पानी येतेय. चल, तुजे पेटीतला चाखून बग. गोडा लागला तर आज विसावा तुजा नि मोरी पन तुजी."

हे आव्हान त्याने चुकीच्या माणसाला दिलं होतं. खडा जिभेवर ठेवून मीठ कुठल्या मिठागराचं ते सांगणारा हिरामणसारखा दुसरा माणूस खाडीच्या या काठाला नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बाळाजीने मेन स्विच बंद असल्याची पुन्हा खात्री केली. हिरामण ताठ मानेने आत गेला. त्याच्यामागून धर्मा, सोनूबाई आणि दारात मावतील तितक्या बायका. त्याने पेटीत बोट बुडवून जिभेवर टेकवलं.

"खारा हाय," तो म्हणाला.

"बोल आता," धर्मा म्हणाला.

हिरामणने पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं आणि डोळे मिटले. चव ओळखीची होती. जरा कडवट, मागून मातीचा वास. असं मीठ खाडीकाठच्या एकाच मिठागरात पिकतं. त्याने डोळे उघडले आणि चुलीकडे पाहिलं. घरच्या मिठाचं मडकं तिथेच असे. मडक्याशेजारी सगुणा उभी होती.

"मीच टाकला," सगुणा म्हणाली.



"काल तुमी ओटीवं मिरवत व्हतात," ती पुढे म्हणाली. "समद्या गावाची नजर लाईटीवं. दिठ काराला नको? मीठ ओवालला नि टाकला."

"दिठ कारलीस ती कारलीस, पेटीन कशाला टाकलास?"

"दिठीचा मीठ इस्तवान टाकतात. या भाऊनीच सांगितला नाय का," तिने वायरमनकडे हात केला, "पेटीन आग हाय, हात लावू नका? मी हात नाय लावला. पाटावं उबी ऱ्हायली नि वरले फटीतून टाकला."

"अहो बाई, ती सांगायची पद्धत असते," बाळाजी म्हणाला. "खाडीच्या दमट हवेनं त्या मिठालाच पाणी सुटलंय."

"आनि तरतरला का नाय?" सगुणाला आता कुणी अडवू शकत नव्हतं. "चुलीन मीठ तरतरते, पन एवरा? एवरी दिठ मी जल्मान नाय बगितली. लाईटच गेली. तुमी परत लावली, ती सकाली परत गेली. म्हंजे दिठ उतरली नाय. मंग मी परत टाकला. तुमी लावाची, नि मी टाकाचा. तुमना लाईटीची कालजी, नि मना नाय?"

दारातल्या बायकांना हे पटलं. सोनूबाई तर म्हणाली की इतकं मीठ उतरवूनही दीठ हटत नाही म्हणजे नजर जवळच्याच माणसाची असणार. यावर सगळ्यांनी धर्माकडे पाहिलं. धर्मा भयंकर रागावला. आधी मोरी बदनाम झाली आणि आता नजर. तो पाय आपटत घरी गेला आणि भिंतीपलीकडे पुन्हा पंपाचा आवाज सुरू झाला.

हिरामणलाही रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. शिवाय देवळाकडून ढोल ऐकू यायला लागला होता. बाळाजीने फ्यूज काढून धुतला, पेटी फडक्याने पुसली, सगुणाने निखाऱ्यांची शेगडी खाली धरून ती सुकवली. नवी तार घातली. पालखी आळीच्या तोंडाशी वळली आणि हिरामणने मेन स्विच वर केला. शंभर कॅंडलचा बल्ब ओटीवर लख्ख पेटला. अंगणातल्या बायकांनी हात जोडले. पालखी धर्माच्या ओटीवरून पुढे आली आणि हिरामणच्या ओटीवर बसली. हिरामणला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

आरती झाली. ढोल घुमू लागला. कोंडाजी भगत पाटावर बसून डोलायला लागला. आजवर गॅसबत्ती कोपऱ्यात, भगताच्या पाठीमागे असे आणि त्याचं नुसतं डोलणारं डोकं दिसे. शंभर कॅंडलमध्ये मात्र त्याच्या बनियनचं भोक दिसलं, आणि त्याने नारळ जवळ आहे की नाही ते बघायला हळूच उघडलेला एक डोळाही दिसला. सोनूबाईला हसू आवरेना. कोंडाजी थांबला. त्याने पुन्हा डोलायला सुरुवात केली, पुन्हा सगळे त्याच्या डोळ्याकडे बघायला लागले, पुन्हा तो थांबला.

"काय झाला?" बाबाजी पंचाने विचारलं.

"देवी येत नाय," कोंडाजी घाम पुसत म्हणाला. "ह्यो उजेड तिचे डोल्यान जातेय. आदी विझवा."

"दिवसभर ही लावाला मी मेलो," हिरामण म्हणाला, "नि आता विझवू?"

पण कौल मिळाला नाही तर गावाचं वर्ष वाईट जाणार, आणि ते कुणाच्या ओटीवरून, हे गाव विसरणार नव्हतं. हिरामण आत गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. धर्मा गॅसबत्ती घेऊन आला. ती पेटलेलीच होती. त्याने ती हिरामणच्या ओटीच्या कोपऱ्यात, भगताच्या पाठीमागे ठेवली आणि बाजूला उभा राहिला.

देवी लगेच आली. मीठ चांगलं पिकेल, मासळी मिळेल, रोगराई येणार नाही, असा कौल तिने दिला. मग ती यजमानाकडे वळली. "हिरामना, तुना काय पायजे? माग."

"माये," हिरामण हात जोडून म्हणाला, "पुढले साली धर्मादादाकरंच जा. मना मान नको, नि लाईट पन नको."

गर्दी गलबलली. धर्मा खाली बघायला लागला. वर्षानुवर्षांचं भांडण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात पायरीवर बसून प्रसाद खाणारा बाळाजी वायरमन म्हणाला, "तिकडे कसं जमणार? त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात मीटर बसतोय. अलिबागला येऊन रोज डोकं खातात माझं. यांच्यापेक्षा मोठा बल्ब पाहिजे म्हणतात."

"परसाद खा नि गप बस," धर्मा म्हणाला, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

देवीचं डोलणं एकदम थांबलं. तिने डोळे उघडले, आधी हिरामणकडे पाहिलं, मग धर्माकडे, मग बाबाजी पंचाकडे, आणि अगदी कोंडाजीच्या रोजच्या आवाजात विचारलं, "मंग मी जावाचा कुठं?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या दोघांनी कालच मीटरसाठी पैसे भरले होते.