अळू : दोनदा

अनंतराव अण्णा लहान मुलांची नखं व्हर्नियरनं मोजायचे. लोखंडाचे सुटे भाग मोजायचं हे साधन त्यांनी बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी विकत घेतलं होतं, आणि आता मोजायला सुटे भाग नसल्यामुळे ते मुलं मोजत होते. दीड मिलिमीटरच्या पुढे नख गेलं की मूल ‘रीवर्क’. रीवर्कचं मूल बाकावर बसायचं, अण्णांच्या बहीण पद्मक्का नेलकटर घेऊन यायच्या, आणि मूल पुन्हा फाटकात तपासणीला उभं राहायचं. ‘सरी, पास,’ असं अण्णा म्हणाले की मगच आत; सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक.

ही नव्वदच्या दशकातली, मल्लेश्वरममधली गोष्ट. बँकेनं माझी पुण्याहून बंगलोरला बदली केली. नवऱ्याची नोकरी पुण्यातच होती, त्यामुळे मी आणि सहा वर्षांची सई अशा दोघीच आलो. सईची शाळा तीनला सुटायची आणि मी साडेपाचला. मधल्या अडीच तासांसाठी मी चार पाळणाघरं पाहिली. एकात टीव्ही मुलांना सांभाळत होता, दुसऱ्यात मुलं एकमेकांना. तिसऱ्यातल्या बाई फार गोड बोलल्या, म्हणून तिथून मी लगेच निघाले. चौथं अण्णांचं.

पाळणाघर खरं त्यांच्या बायकोनं चालवलेलं. ती वारली तेव्हा साऱ्या आयांनी गृहीत धरलं, की आता हे बंद. चौदाव्या दिवशी दुपारी तीनला अण्णा खिशात व्हर्नियर घालून फाटकात उभे. अठ्ठावीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या माणसाला मुलं सांभाळायची एकच पद्धत ठाऊक होती.

“अक्का, माल घेताना आपण दोघं मिळून तपासू. देताना पण,” पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणत होता.

“मुलीला माल म्हणू नका,” मी म्हटलं.

“सरी. जॉब म्हणतो.” यंत्रावर चढवलेल्या तुकड्याला कारखान्यात जॉब म्हणतात, हे मला पुढे कळलं.

“आणि रिजेक्ट झाली तर?”

“इथं रिजेक्ट नाही, अक्का. कुणाला स्वल्प वेळ लागतो, तेवढंच.”

अण्णांच्या घराण्याला बंगलोरला येऊन तीनशे वर्षं झाली होती. येताना आणलेलं मराठी त्यांनी कन्नड घालून घालून आजवर पुरवलं होतं. घरी ते तेच बोलायचे आणि वहीतही तेच लिहायचे. प्रत्येक मुलाची वेगळी वही. संध्याकाळी मूल ताब्यात देताना ती उघडून पुढे धरायचे. आपण वाचायचं, ‘ओके’ लिहायचं, सही करायची. सही केल्याशिवाय मूल मिळत नसे. एका घाईतल्या बापानं न वाचता सही केली, तर अण्णांनी त्याला वहीतलं तोंडी विचारलं. तो नापास झाला, पुन्हा वाचायला बसला.

सईच्या वहीत असायचं : ‘ऊट : उपीट. झोप : नाही. अळू : दोनदा.’

ऊट म्हणजे जेवण, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. अळूत कळायचं काय? पुढे कंसात मिनिटं असायची, ती मी खायला लागलेला वेळ धरली. मी तीन आठवडे ओके केलं. मात्र मनात येत होतं, की या लोकांना दुसरी भाजी मिळत नाही का. एका मंगळवारी ‘अळू : तीनदा’ दिसलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

“अण्णा, रोज अळू कशाला? मुलांच्या घशाला खाजतं.”

“मी कुठं काय करतो, अक्का? तीच करते.”

“सहा वर्षांची मुलगी अळू करते?”

“चांगलं मोठं करते. पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.”

“आणि तुम्ही करू देता?”

“अडवलं तर आत राहतं की.”

पद्मक्का हात पुसत बाहेर आल्या. “अण्णा, त्यांच्या मराठीत ती भाजी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, “रडणं हो. आमच्यात रडण्याला अळू म्हणायचं.”

मी चपलांच्या बाकावर बसले. रोज संध्याकाळी सई हसत बाहेर यायची. मला कधी एक शब्द बोलली नव्हती. तीन आठवडे मी तिचं रडणं ओके लिहून, सही करून घरी नेत होते.

“तोंडानं सांगायला काय झालं होतं?” मी विचारलं.

“लिहिलं की. वेळेसकट,” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “तुम्ही ओके केलात. मला वाटलं, तुमची समजूत आहे.”

चूक माझीच होती, म्हणून मी चिडले. पोर रडतंय आणि हा माणूस शेजारी घड्याळ लावून उभा. हिला इथून काढायचं, असं मी घरी पोचेपर्यंत ठरवलं. पण काढण्याआधी एकदा स्वतः पाहावं. तपासणी काही त्यांनाच येते असं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून साडेतीनला मी बाजूच्या बोळात जाऊन उभी राहिले. तिथून त्यांचा व्हरांडा दिसायचा.

सई भिंतीला टेकून रडत होती. चांगलं मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. अण्णांचे गुडघे वाकत नसत. ते तिच्या शेजारी जमिनीवर दोन्ही पाय सरळ पसरून बसले होते, मांडीवर वही. ‘उगी’ म्हणाले नाहीत, गोळी दिली नाही, गोष्ट सांगितली नाही. मधूनमधून रुमाल पुढे करायचे, ती नाक पुसायची, ते रुमाल परत घ्यायचे. आतून पद्मक्कांनी हाक मारली, तर अण्णांनी नुसता हात हलवून त्यांना थांबवलं.

हळूहळू आवाज उतरला.

“किती?” सईनं विचारलं.

“नऊ मिनिटं. काल अकरा होती.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. तिनं वाकून तपासलं.

“तुमची वही कुठंय?”

“माझी कशाला?”

“परवा तुम्ही आजींच्या फोटोपाशी अळू केलंत. मी पाहिलं.”

अण्णांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “माझं लिहायला कोण आहे, पुट्टी?”

“मी लिहीन.” मग तिनं थोडा विचार केला. “पण मला अजून ळ येत नाही.”

“सरी,” अण्णा म्हणाले. “येईपर्यंत थांबतो.”

मी बोळातूनच मागे फिरले. साडेपाचला नेहमीसारखी फाटकात गेले, वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि सही केली. घरी आल्या आल्या सईनं पाटी पुढे केली, “आई, ळ काढून दे.” मी मोठा काढून दिला आणि कुकर लावायला गेले.