पहिली गोष्ट तपासणीखाली आहे

आजीची तक्रार साधी होती. लेक कारखान्यातून घरी यायचा, कपडे बदलायचा, पण अंगातला तपासणीस काही उतरवून ठेवायचा नाही. दिवसभर बॉयलरच्या झडपा पास-नापास करून भागत नव्हतं म्हणून की काय, त्याने नातीची गोष्टींची पुस्तकंही तपासायला घेतली होती.

नात तीन वर्षांची झाली तेव्हा आत्याने चौदा पुस्तकं पाठवली होती. "बालमनावर परिणाम होतो," असं जाहीर करून लेकाने ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि रीतसर तपासणी सुरू केली. पहिल्यातला ससा आईला न विचारता बाहेर गेला, नापास. दुसऱ्यातलं अस्वल नुसतंच झोपून होतं, उद्यमशीलतेचा अभाव. तिसऱ्यात एकही दोष सापडेना, म्हणून ते संशयास्पद ठरवून फेरतपासणीला ठेवलं.

"अरे, एक तरी वाचून दाखव तिला."

"आई, प्रक्रिया चालू आहे."

"मग मीच सांगते तोंडाने. लांडग्याची."

"लेखी दे, बघतो."

आजीची शाळा दुसरीतच सुटलेली. तिने लेकाकडे असं काही पाहिलं, की तो उगाचच शिक्का शोधू लागला.

मग मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी आल्या. त्या तर पूर्ण ऐकल्याशिवाय मंजूर करता येईनात. लेक रोज संध्याकाळी हेडफोन कानाला लावून खुर्चीत बसे. खुदुखुदु हसे. एकदा तर त्याने डोळेही पुसले. नात दारात उभी राहून त्याचं तोंड बघत राही.

"बाबा, आत काय झालं?"

"गोपनीय आहे, राणी. मंजूर झालं की कळेल."

दोन वर्षांनी एक पुस्तक मंजूर झालं. त्यावर छापलं होतं, 'वय तीन ते चार'. नातीला नुकतीच पाच वर्षं पूर्ण झालेली. लेकाने ते मुदतबाह्य म्हणून बांधून ठेवलं आणि पाच ते सहाची नवी यादी मागवली.

त्या दिवशी आजीने स्टूल ओढलं, हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि नातीला मांडीवर घेतलं. अक्षरावर बोट ठेवत, अडखळत पहिली ओळ वाचली. नातीने चटकन पानावर हात ठेवला.

"आजी, थांब. हे पास झालंय का?"

"नसेना का!"

"मग नको." पोरगी मांडीवरून उतरून भिंतीला टेकून उभी राहिली.

लेकाची छाती फुगली. "बघितलंस? किती जागरूक झालीय!"

"जागरूक? भ्यायलीय ती! लांडग्याला नाही रे, पुस्तकाला! आणि तू एकटाच नाहीस. घरोघरी असले शहाणे बसलेत, पोरांसाठी चांगलं काय ते एकमेकांना विचारत. विचारून विचारून दमतात, आणि वाचायची वेळ आली की म्हणतात, उद्या. उद्या म्हणता म्हणता पोरगी पाच वर्षांची झाली. बस खाली. वाच."