खिचडीचा अंमल उठला त्याची हकिकत

श्रीगोदामाई समर्थ. हकिकत लिहावी ऐसे कोणी फर्माविले नाही, तरी सेवकाच्याने राहवत नाही, सबब पाहिले ते लिहितो. पदरचे तिखटमीठ चवीपुरतेच घातले असे.

शके एकोणीसशे एकविसाचे सुमारास नाशिक प्रांती सातपुरास नटबोल्टांचा कारखाना, तेथील मुखत्यार राजमान्य राजश्री धोंडीरामसाहेब, आणि दिमतीस दफ्तराची फौज. दर शनिवारी सकाळी फौज मिसळीचे नामांकित ठाण्यावर चालून जाई. परंतु अगदी पहिले स्वारीस संकष्टी पडली, साहेबांस उपास, त्यांनी साबुदाण्याची खिचडी फर्माविली. मग सेवकाने तत्क्षणी "आम्हांसही तीच" म्हणोन अर्ज केला, आणि समस्त फौजेने री ओढली. तेव्हापासून नाकाशी तर्रीचा दरवळ आणि पानात खिचडी, ऐसा वर्षानुवर्षांचा शिरस्ता पडला.

पुढे साहेब इगतपुरीस नेतृत्वाचे शिबिरास गेले आणि नवे शास्त्र घेऊन परतले. मग हुकूम सुटला की, वरच्याने सांगावे आणि खालच्यांनी ऐकावे हा जुना कायदा बरखास्त, उपरांत कोणी हुकूम मानू नये. फौजेने एकमुखे "जशी आज्ञा" म्हणोन मुजरा केला.

शनिवारी ठाण्यावर साहेब मुद्दाम मौन, सबब फौजही मौन. वेटर दोन वेळ फडके मारून गेला, तर्रीचे पातेले तळास चालले, आणि साहेब तिकडे ऐसे पाहात की जणू किल्ला हातचा चालला. मग स्टोअरात नवीच रुजू जाहलेली तृप्ती म्हणाली, "दादा, मला मिसळ. तर्री जास्त." त्यावर तिने थेट हुजुरांसच विचारिले, "साहेब, तुम्हाला खिचडी एवढी आवडते का हो?"

"मला? अहो, तुम्हा सगळ्यांना आवडते म्हणून गिळतोय मी. साबुदाण्याने पित्त होतं मला."

"मग बोलायचं ना."

"कसं बोलणार? तुमचा हिरमोड झाला असता."

समस्त फौजेने सेवकाकडे पाहिले, आणि सेवकाने पाण्याचा पेला तोंडास लावून आड घेतली. मग एकच गर्दी उडाली, पातेल्यास वेढा पडला, उरलीसुरली तर्री वाटीवाटीने वाटून घेतली, आणि साहेबांचे नाकाडोळ्यांस पूर लोटला असता त्यांनी रुमाल लावून आणखी पाव मागविले. खिचडीचा अंमल उठला, फत्ते जाहली.

पुढील शनिवारी तृप्तीबाईंचे पोट बिघडले होते, त्यांनी नुसता कोरा चहा सांगितला. मग फौजेनेही कोरा चहाच सांगितला, साहेबांनीही. पहिला अर्ज सेवकाचा. येणेप्रमाणे नव्या शास्त्राचा जय जाहला, तो उपाशीपोटी लिहून ठेविला असे.